डोळ्यांदेखत बांधलेली होडी

मे महिना संपत आला की कोकण किनाऱ्यावर होड्या वर ओढायची लगबग सुरू होते, आणि तिच्यासोबत खरेदी-विक्रीची बोलणीही. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. या दिवसांत कोणी होडी विकायला काढतो, कोणी घ्यायला निघतो. दोन-तीन माणसांनी चालवायची, किनाऱ्यालगत जाळी टाकायची, अशी छोटी होडी ज्याला हवी आहे त्याच्यासमोर प्रश्न असतो की नवी बांधून घ्यावी, की कोणाची तरी वापरलेली घ्यावी? बहुतेक घरांत हा प्रश्न पैशावर सुटतो. हात सैल असेल तर नवी, आखडता असेल तर जुनी. मला हा हिशेब अपुरा वाटतो, आणि पुष्कळदा तो घेणाऱ्याला बुडवतो.

आधी पैशाचेच बघू. छोट्या होडीच्या धंद्यात सांगाडा हा खर्चाचा एक भाग झाला. आउटबोर्ड इंजिन अनेकदा सांगाड्याइतकेच महाग पडते. त्यावर जाळी, दोर, नांगर, बर्फाची पेटी आणि रोजचे इंधन. सांगाड्यात वाचवलेले पैसे डोळ्यांना दिसतात. पण ऑगस्टमध्ये समुद्र उघडल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत होडी जर तळ उघडून वाळूत पडली, तर जे बुडते ते कोणत्याच वहीत लिहिले जात नाही. बंदीनंतरचे ते आठवडे वर्षाची कमाई उभी करतात. त्यामुळे होडी स्वस्त मिळाली का, यापेक्षा ती त्या आठवड्यांत पाण्यावर असेल याची खात्री कितपत आहे, हे विचारायला हवे. ही खात्री नवेपणातून येत नाही. होडीच्या पोटात काय आहे हे ठाऊक असेल तरच ती येते.

नवे म्हणजे भरवशाचे, ही समजूत किती महागात पडते हे २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्याने पाहिले. हजारो होड्या फुटल्या, वाहून गेल्या. मदत जगभरातून आली आणि तिचा मोठा भाग नव्या फायबरच्या होड्यांच्या रूपाने आला. मागणी एकदम वाढली तसे होडी बांधणारे रातोरात उभे राहिले. त्यांतल्या अनेकांना ना साच्याचा अनुभव होता, ना रेझिनचा. काही होड्या पातळ निघाल्या, काहींचे सांधे सुटले. होड्यांच्या दर्जाबद्दल आणि संख्येबद्दल जाणकारांना जाहीर इशारे द्यावे लागले. ज्यांना त्या होड्या मिळाल्या त्यांतले कितीतरी आधी कट्टुमरमवर जाणारे होते. कट्टुमरम म्हणजे दोरांनी एकत्र बांधलेले ओंडके. काम झाले की ते सोडून वाळत घालायचे, पुन्हा बांधायचे. त्यांचा प्रत्येक ओंडका, प्रत्येक गाठ त्या मच्छीमाराच्या हाताखालून गेलेली असे. नवी होडी मात्र त्याला रंग देऊन, तयार, कोणीतरी आणून दिली. तिच्या पोटात काय आहे हे त्याला सांगायला कोणी नव्हते.

फायबरची होडी बांधली जाताना एकदा तरी पूर्ण पाहावी. साच्याला आतून मेण घासून आरशासारखी झिलई आणतात. त्यावर जेलकोटचा थर लावतात. होडीची बाहेरची रंगीत, गुळगुळीत कातडी ती हीच. ती आवळली की काचेच्या धाग्यांची मॅट अंथरायची, तिच्यावर रेझिन ओतायचे आणि रोलरने दाबत दाबत हवेचे बुडबुडे बाहेर काढायचे. मग दुसरा थर, त्यावर जाड विणीचा थर, पुन्हा मॅट. रेझिनमध्ये हार्डनर शेकडा एक-दोन भागच पडतो. तो कमी पडला तर थर कच्चा राहतो, जास्त पडला तर रेझिन हाताला चटका बसेल इतके तापते आणि ठिसूळ होते. हवेत दमटपणा फार असेल तर ते नीट धरत नाही, म्हणून पावसाळ्यात घाईने उरकलेल्या कामावर विश्वास ठेवणे कठीण. जिथे रोलर फिरला नाही तिथे पांढुरके ठिपके राहतात. ते कोरडे धागे, आत अडकलेली हवा. रेझिन भरपूर ओतून केलेला थर जाड दिसतो, पण बळ धाग्यात असते. जास्तीचे रेझिन वजन वाढवते आणि लाटेच्या माराने तडकते.

हे सगळे आतून रंगाचा हात फिरला की दिसेनासे होते. म्हणून होडी बांधून घेणाऱ्याने त्या दिवसांत तिथे हजर राहावे, अशी माझी पहिली अट आहे. तळाला किती थर, कडांना किती, इंजिन टांगायच्या मागच्या फळीत प्लाय कोणता घातला, हे डोळ्यांनी पाहावे. पाणी काढायच्या भोकासाठी सांगाड्यातून जी गोल चकती कापली जाते ती मागून घ्यावी. तिच्या कडेवर सगळे थर मोजता येतात आणि मधली पोकळी लपत नाही. चांगला मिस्त्री ती चकती आपणहून हातात ठेवतो. जो मागितल्यावरही टाळाटाळ करतो त्याच्याकडे आगाऊ रक्कम ठेवू नये.

गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ‘म्हादेई’ ही शिडाची नौका बांधली गेली, तेव्हा ती घेऊन एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघणारे नौदल अधिकारी दिलीप दोंदे बांधणीवर जातीने लक्ष ठेवून होते. २००९-१० मध्ये त्यांनी ती प्रदक्षिणा पुरी केली, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी त्याच नौकेतून कुठेही न थांबता जगाला वळसा घालून आले. भर समुद्रात काही मोडले तर हाक मारायला कोणी नसते. तिथे कोणता दोर कुठून जातो, कोणत्या फळीमागे काय आहे, हे माहीत असणे हाच आधार. छोट्या होडीच्या मच्छीमाराची वाट जगाएवढी लांब नसते, पण पहाटे तीन वाजता, किनारा काळोखात दिसत नसताना, त्यालाही तोच आधार लागतो.

मग जुनी होडी घेऊच नये का? माझे मत तसे नाही, उलट आहे. ज्याला बांधणीच्या वेळी हजर राहता येत नाही, ज्याच्या टापूत भरवशाचा मिस्त्री नाही, त्याने नव्याच्या मोहात न पडता जुनी होडी घ्यावी. चार-सहा पावसाळे काढलेल्या होडीने आपले दोष दाखवून दिलेले असतात. नव्या होडीचे दोष अजून पोटात असतात. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या हाताखाली बांधले गेलेले सागवानी ‘त्रिंकोमाली’ हे ब्रिटिश लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले आणि डागडुजी होत राहिल्याने आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या गोदीत तरंगते आहे. वयावरून सांगाडा मोडीत काढता येत नाही. काळजी कोणी किती घेतली, हे बघावे लागते.

पण बघायचे कसे? इथे बहुतेक जण रंगाला फसतात. ताज्या रंगाची जुनी होडी दिसली की आधी संशय घ्यावा, कारण विकण्याआधी रंग काढण्यासाठी कोणी पैसे घालत नाही, झाकण्यासाठी घालतो. फायबरची होडी असेल तर एखाद्या लाकडी हातोडीने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ हळूहळू ठोकत जावे. घट्ट थर खणखणीत बोलतो, सुटलेला थर बद्द. तळावर फोड दिसले तर एक फोडून वास घ्यावा. आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर पाणी जेलकोट ओलांडून आत शिरले आहे.

मागची फळी मात्र सगळ्यात लबाड. बाहेरून फायबर, आत प्लाय, आणि इंजिनचे बोल्ट त्यातून आरपार. त्या भोकांतून पाणी झिरपते आणि आतला प्लाय वर्षानुवर्षे बाहेरून कळू न देता कुजतो. इंजिन वर उचलून, त्याच्या खालच्या टोकाला धरून जोर देऊन वर-खाली हलवावे आणि नजर फळीवर ठेवावी. फळी जरासुद्धा लवली, बोल्टच्या वॉशरभोवती चिरा दिसल्या किंवा भोकातून काळपट पाणी ओघळले, तर ती फळी संपली. दुरुस्ती होते, पण ती होडी उलगडून करायची दुरुस्ती आहे, आणि तिचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलावे. इंजिनच्या खालच्या गिअरमधले तेल थोडे काढून पाहावे. ते दुधट झाले असेल तर सील गेले आहे आणि आत पाणी आहे.

लाकडी होडीची परीक्षा वेगळी. लाकडाला खाऱ्या पाण्याहून पावसाचे गोडे पाणी जास्त कुजवते. म्हणून नाळेच्या आतल्या खोबणीत, मागच्या कोपऱ्यांत, बसायच्या फळ्यांखाली, जिथे पावसाचे पाणी साचून राहते, तिथे आधी टोचून पाहावे. लोखंडी खिळ्याभोवतीचे लाकूड काळे पडून मऊ झाले असेल तर खिळा कधीही सुटेल. फळ्यांच्या सांध्यांतून कोरड्या होडीत उजेड दिसला तर लगेच घाबरू नये. वर ओढून वाळलेल्या फळ्या आक्रसतात आणि पाण्यात गेल्यावर फुगून पुन्हा बसतात. बसल्यावरही पाणी थांबले नाही तर मात्र प्रश्न आहे.

यातले काही मला शिकवणाऱ्यांनी शिकवले, काही नुसते बघून कळले. पण दहा होड्या बघितलेल्या माणसाने तपासणे आणि शंभर होड्या बांधलेल्या माणसाने तपासणे यात फरक पडतोच. जुनी होडी बघायला जाताना मिस्त्रीला सोबत न्यावे, आणि त्याला त्या दिवसाची मजुरी द्यावी. चहा पाजून फुकट सल्ला घ्यायची आपली सवय इथे सोडायला हवी. मजुरी घेतलेला माणूस तुमच्या बाजूने बोलतो. फुकट आलेला माणूस विकणाऱ्याचीही भीड धरतो.

जुन्या होडीत आणखी एक धोका आहे, आणि तो तपासणीतही सापडत नाही. होडी ज्या पाण्यासाठी घडवली ते पाणी आणि तुमचे पाणी एक नसते. मुंबईच्या उत्तरेला सातपाटी, वसईकडे भरती-ओहोटीतला फरक मोठा. तिथल्या होड्या खाडीत चिखलावर बसतात, पाणी आले की उठतात. तळाचा कणा, म्हणजे पठाण, त्या सवयीनेच घडवलेला असतो. दक्षिणेला मालवण, वेंगुर्ल्याकडे भरती-ओहोटी त्या मानाने लहान, होडी वाळूवरून ढकलत लाटेत घालायची असते. तिथे हलकी होडी हवी, आणि म्हणूनच त्या बाजूला एका अंगाला उलांडी बांधलेल्या अरुंद होड्या टिकून राहिल्या. गुजरातेतून किंवा केरळातून स्वस्तात मिळालेली देखणी होडी ट्रकवर घालून आणणाऱ्याला हे पाण्यात उतरल्यावर कळते. ती लाटेत नाळ खुपसते, किंवा ओढताना चार माणसांच्या जागी आठ लागतात. सगळ्यात चांगली जुनी होडी तीच, जी तुमच्याच बंदरात वापरली गेली आणि जिचा मालक वयामुळे धंदा सोडतो आहे. तिची किंमत थोडी जास्त सांगितली तरी घासाघीस बेताने करावी.

कागदांबद्दल थोडक्यात. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी ‘कुबेर’ या पळवलेल्या मासेमारी नौकेतून आले, तेव्हापासून किनाऱ्यावरच्या प्रत्येक होडीकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. नोंदणी, परवाना, विमा, विकणाऱ्याच्या नावावर चढलेले कर्ज, हे सगळे पाहून, होडी नावावर झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नवी बांधायची असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवानगीचे काम साचा भरायच्या आधी मार्गी लावावे.

स्वतःच्या हाताने बांधण्याबद्दल लोक मला उत्साहाने विचारतात. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात ‘मिरर डिंगी’ नावाची प्लायची छोटी होडी सामान्य घरांत, गॅरेजमध्ये बांधली गेली. प्लायचे तुकडे कापायचे, तांब्याच्या तारेने शिवायचे, सांध्यांवर फायबरच्या पट्ट्या चिकटवायच्या. अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या. म्हणजे हे काम फक्त पिढीजात कारागिराचे आहे असे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सपाट तळाच्या छोट्या मासेमारी होड्यांचे आराखडे प्रसिद्ध केले आहेत. खाडीत गरवायला, पाग टाकायला, शिणाणे काढायला लागणारी होडी हाताला लाकूडकामाची सवय असलेल्या कोणालाही बांधता येईल. प्लाय मात्र आयएस ७१० या भारतीय मानकाचाच घ्यावा. शिक्क्यावर भागत नाही, कारण खोटे शिक्के बाजारात आहेत. एक तुकडा कापून घरी उकळत्या पाण्यात ठेवावा. या दर्जाचा प्लाय ७२ तास उकळूनही सुटता कामा नये. काही तासांतच पापुद्रे निघाले तर दुकानदाराला परत न्या.

पण ज्याला घर चालवायचे आहे, बारा महिन्यांतले आठ-नऊ महिने बाहेरच्या समुद्रात जायचे आहे, त्याने पहिलीच होडी स्वतः बांधायचा हट्ट धरू नये. सांगाडा उभा राहिला की काम संपत आले असे वाटते, आणि खरे काम तिथून पुढे सुरू होते. त्यात हंगाम निघून जातो. त्यापेक्षा मिस्त्रीच्या हाताखाली एक होडी होईपर्यंत राबावे. मजुरीही थोडी वाचते आणि दुरुस्ती आयुष्यभर हातात येते.

आता या निवडीची जी बाजू एकट्या घेणाऱ्याच्या हिशेबात येत नाही ती. फायबर कुजत नाही आणि एकदा घट्ट झालेले रेझिन पुन्हा वितळवता येत नाही. टाकून दिलेल्या फायबरच्या होड्या आपल्या बंदरांच्या कडेला, खारफुटीत, वर्षानुवर्षे पडून आहेत. लाकडी होडी निदान मातीत जायची. त्यामुळे दुरुस्त होण्यासारखा फायबरचा सांगाडा टाकून नवा घेणे ही किनाऱ्यावर टाकलेली कायमची घाण आहे. शिवाय नवी होडी म्हणजे समुद्रात आणखी एक जाळे. ट्रॉलर आणि पर्ससीनच्या तुलनेत छोट्या होडीचे जाळे काहीच नाही, हे मला मान्य आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारला पर्ससीनवर निर्बंध आणावे लागले ते छोट्या होड्यांमुळे नव्हे. पण १९५० च्या दशकात केरळमध्ये नॉर्वेच्या मदतीने आलेला प्रकल्पही छोट्या मच्छीमारांच्या भल्यासाठीच सुरू झाला होता. त्यातून पुढे कोळंबीच्या ट्रॉलिंगचा मार्ग मोकळा झाला. बाहेरून आलेल्या नव्या होड्यांनी किनाऱ्याचे चित्र बदलते, आणि बदलाची दिशा नेहमी आपल्या हातात राहत नाही.

असे असताना सरकारी मदतीचा रोख नव्या होडीकडेच आहे. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के अनुदानाची सोय आहे, आणि पारंपरिक मच्छीमारांच्या होड्या बदलून देण्याचा त्यात समावेश आहे. हे चांगलेच आहे. पण जो तरुण गावातल्या म्हाताऱ्या मच्छीमाराची सुस्थितीतली होडी घेऊन, मिस्त्रीकडून मागची फळी बदलून धंद्याला लागतो, त्याच्या वाट्याला काय येते? ती होडी सुरक्षित आहे असे लिहून देणारा तपासनीस बंदरात नसतो, म्हणून बँक तिच्यावर कर्ज द्यायला कचरते, आणि तो तरुण शेवटी व्याजाने पैसे देणाऱ्याच्या किंवा मासळी उचलणाऱ्या व्यापाऱ्याच्या दारात उभा राहतो. ज्याच्याकडून उचल घेतली त्यालाच, त्याच्या भावाने मासळी द्यावी लागते. जुन्या होडीचा खरा महागडा भाग हा आहे.

आणि मिस्त्री? २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ ही दोरीने शिवलेली नौका गोव्यात बांधली गेली. अजिंठ्याच्या भिंतीवरच्या जहाजाच्या चित्रावरून. मला ती पाहून अभिमान वाटला. पण ती शिवायला बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर केरळहून आणावे लागले. होड्या शिवण्याचे काम ज्या किनाऱ्यावर कुठे ना कुठे चालू राहिले तिथेच हात शिल्लक होते. आपल्याकडे लाकडी होडीचे मिस्त्री कमी होत आहेत आणि फायबरचे जाणते मिस्त्री मोजके आहेत. त्यांना जगवायला दर पाच वर्षांनी एक मोठी गौरवशाली नौका पुरत नाही. त्यांना दर महिन्याला काम लागते, आणि ते काम नव्या छोट्या होडीचे असो की जुन्या होडीच्या दुरुस्तीचे, त्यांच्या घरी चूल दोन्हींवर पेटते.

म्हणून माझा कौल असा. गावात भरवशाचा मिस्त्री असेल आणि तुम्ही बांधणीच्या दिवसांत हजर राहू शकत असाल, तर होडी बांधून घ्या. नसेल, तर आपल्याच बंदरातली, ओळखीच्या माणसाची जुनी होडी घ्या आणि किमतीचा काही भाग दुरुस्तीसाठी आधीच बाजूला ठेवा. दूरच्या बंदरातली रंगवलेली होडी आणि न पाहता मागवलेली नवी होडी, दोन्ही टाळा. मत्स्यव्यवसाय विभागाने मोठ्या बंदरांत तरी जुन्या छोट्या होड्यांची तपासणी करून दाखला देणारा माणूस नेमावा आणि अनुदानाचा एक हिस्सा दुरुस्तीला द्यावा. मच्छीमार सहकारी संस्थांनी या मागणीचे ठराव बंदीच्या दोन महिन्यांतच करून पाठवावेत. ऑगस्टमध्ये समुद्र उघडला की ठरावासाठी कोणी किनाऱ्यावर सापडत नाही.